कार्ड काय सांगतं, लाकूड काय सांगतं

समजा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कुठल्यातरी शेतावरच्या कोठारात तीस-चाळीस वर्षं पडून असलेली एक लाकडी मोटरबोट तुमच्या हाती लागली. वॉर्निश उडालेलं, तळाच्या फळ्यांमध्ये हाताचं बोट जाईल एवढ्या फटी, इंजिन गंजून बसलेलं. ती घरच्या गॅरेजमध्ये आणून तुम्ही ठरवता, की हिला 'मूळ रूपात' आणायचं. आता मला सांगा, मूळ रूप म्हणजे नेमकं कोणत्या दिवसाचं रूप?

हा उद्योग करणारे हौशी लोक तिकडे बरेच आहेत. त्यांच्यापैकी फार थोडे इतिहास शिकलेले असतील, पण पुराव्याशी त्यांची जी झटापट चालते ती पीएचडीला बसण्याआधी प्रत्येकाने बघावी अशी आहे. मी विज्ञानाकडची असूनही हे म्हणतेय.

थोडी पार्श्वभूमी. मिशिगनमध्ये सेंट क्लेअर नदीच्या काठी अल्गोनॅक नावाचं गाव आहे. तिथल्या ख्रिस स्मिथने 1922 साली मुलांना घेऊन बोटींची कंपनी काढली. 1930 मध्ये तिचं नाव ख्रिस-क्राफ्ट झालं. सुरुवातीच्या बोटींत पहिल्या महायुद्धातून उरलेली कर्टिस ओएक्स-5 ही विमानाची इंजिनं स्वस्तात घेऊन बसवली जात. दुसऱ्या महायुद्धात कारखाना सैन्यासाठी लँडिंग क्राफ्ट बनवत होता, नंतर काही वर्षं घरी जोडायचे किटही विकले, आणि 1970 च्या सुमाराला लाकूड मागे पडून फायबरग्लास आलं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की या बोटी मोटारगाड्यांसारख्या ठरावीक मॉडेलच्या होत्या आणि प्रत्येकीला स्वतःचा हल नंबर होता.

त्या नंबराचं एक कार्ड कारखान्यात भरलं जायचं. इंजिन कोणतं, त्याचा नंबर काय, रंग आणि सीटचं कापड कसं, कोणत्या तारखेला कोणत्या विक्रेत्याकडे रवाना. ही कार्डं आज व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियममध्ये आहेत. जुनी बोट घेणारा माणूस आधी लाकडावरचा नंबर शोधतो आणि मग त्या कार्डाची प्रत मागवतो. अगदी पक्का प्रायमरी सोर्स!

पण कार्ड फक्त एका दिवसाबद्दल बोलतं. बोट कारखान्यातून निघाली आणि कार्डाचं तोंड बंद झालं. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत तिच्यावर काय काय गुजरलं, ते लाकडालाच विचारावं लागतं.

कसं विचारायचं? एक उदाहरण बघा. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकाच्या मध्यात बाजारात आला. त्याआधी सरळ खाचेचे स्क्रू. आता तुमची बोट 1930 ची आहे आणि एका फळीला फिलिप्स स्क्रू दिसतोय. म्हणजे त्या जागी नंतर कुणीतरी हात घातलाय, हे नक्की. पण फळी बदलली का? तसं म्हणता येत नाही. नुसता स्क्रूच बदलला असेल. मग फळी सोडवून आतली बरगडी बघायची. तिथे शेजारी-शेजारी भोकांच्या दोन ओळी असतील आणि फळीवर एकच, तर फळी नवी असण्याची शक्यता बरीच वाढली. आता उलट बाजू. स्क्रू सरळ खाचेचा निघाला तर फळी मूळची ठरते का? अजिबात नाही, कारण सरळ खाचेचे स्क्रू पुढेही विकले जातच होते. एकच पुरावा एका दिशेने भक्कम आणि दुसऱ्या दिशेने पोकळ. आपण प्रयोगशाळेतसुद्धा 'दिसलं नाही' आणि 'नाही' यांत गल्लत करतो, ती हीच.

नावांनीही फसायला होतं. जाहिराती आणि पुस्तकांत या बोटी 'महोगनी'च्या असतात. फळ्यांचं लाकूड मात्र बहुतेकदा 'फिलिपीन महोगनी', जे वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने महोगनी नव्हेच. ते शोरिया प्रजातीतलं, म्हणजे आपल्याकडच्या साल वृक्षाच्या नात्यातलं. शिवाय युद्ध संपल्यावर हेही लाकूड टंचाईत होतं, म्हणून 1946 च्या सुमाराच्या काही बोटींना सीडरच्या फळ्या लागल्या. एखाद्याने तसली बोट उघडून 'ही तर कुणाची तरी स्वस्तातली दुरुस्ती' म्हणत सीडर काढून महोगनी बसवली, तर तो प्रामाणिकपणे, कष्ट करून, मूळ बोटच नष्ट करतो.

आणि इथेच खरी अडचण आहे. प्रयोग चुकला तर आपण नवा नमुना घेतो. इथे नमुना एकच. वॉर्निश खरवडलं की रंगांचे जुने थर गेले, फळी फेकली की भोकं गेली, सुताराच्या पेन्सिलच्या खुणा गेल्या. दुरुस्ती करायची तर पुरावा मोडावाच लागतो, म्हणून जाणकार माणूस हत्यार उचलण्याआधी भरमसाट फोटो काढतो, प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावतो, आणि सडलेली फळीसुद्धा नवी कापून होईपर्यंत टाकत नाही.

'मूळ' कशाला म्हणायचं, यावर जुन्या बोटींच्या हौशी मंडळींच्या एका मोठ्या संस्थेने, अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटीने, आकडाच ठरवलाय. प्रदर्शनात 'प्रिझर्व्हड' गटात बसायला डेक आणि पाण्यावरच्या बाजूंचं किमान 60 टक्के साहित्य मूळचं हवं. तळ यात मोजतच नाहीत! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही पळवाट वाटली. तळ कसा बांधलेला असतो हे कळल्यावर मत थोडं बदललं.

आत तिरक्या फळ्या, त्यावर कॅनव्हास, त्यावर लांबीच्या फळ्या, असा दुहेरी तळ. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. म्हणून अशी बोट हंगामाच्या सुरुवातीला आधी भिजू द्यावी लागते. पण त्याच थरांत पाणी अडकून राहतं आणि काही दशकांत बुरशी लाकूड खाते. तळ बदलावा लागणं हे या रचनेतच लिहिलेलं आहे. तो धरला, तर त्या गटात फारशी बोटच उरणार नाही. व्याख्या सोयीची आहे खरी, पण मनमानी नाही.

आज बरेच जण नवा तळ 5200 नावाच्या पॉलियुरेथेन चिकटद्रव्यात बसवतात. भिजवायची गरज नाही, गळती नाही. जुनी मंडळी यावर नाक मुरडतात. मला वापरणाऱ्यांची बाजू पटते, कारण पाण्यात न उतरणारी बोट ही शेवटी कपाटच. पण हे चिकटद्रव्य सहजासहजी सुटत नाही. पन्नास वर्षांनी हा तळ उघडायची वेळ आली तर स्क्रू काढून फळी अलगद उचलता येणार नाही, करवतच चालवावी लागेल, आणि आतल्या बरगडीवर भोकांच्या किती ओळी होत्या ते तेव्हाच्या माणसाला तुमच्या फोटोंवरूनच बघावं लागेल.