देशाची सरासरी आणि मुखेडचे रान

मुखेडला माझे आजोबा मृगाच्या आधी पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहत. बेडूक, म्हैस निघाली की चेहरा खुले. यात हसण्यासारखे काही नाही. १८७७चा दुष्काळ सोसलेल्या देशाला हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६मध्ये पहिला मोसमी अंदाज दिला, तो हिमालयातला बर्फ पाहून : बर्फ जास्त, तर पाऊस कमी. पुढे गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने जगभरच्या हवेच्या दाबांत आपल्या पावसाचे धागे शोधले.

१९८८पासून वसंत गोवारीकर यांचे १६ घटकांचे प्रारूप आले. ते २००२मध्ये फसले. सामान्य पाऊस सांगितला होता, तूट १९ टक्के निघाली. त्या फसण्याची चर्चा खूप झाली. मला मात्र आधीची, बरोबर ठरलेली वर्षे अधिक खटकतात. आकडा साऱ्या देशाचा, चार महिन्यांचा. तो खरा ठरूनही आमच्याकडे दुबार पेरणी टळेलच असे नव्हते. तिफण कधी धरायची, हे त्यात नव्हतेच.

मे २०२५मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत घडलेली नवी प्रणाली सुरू झाली. चौकट १२ किलोमीटरांवरून सहावर आली. तीनच महिन्यांत, १७ ऑगस्टच्या रात्री, मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावात पाणी शिरले. माणसे गेली, गोठ्यात बांधलेली जनावरे गेली. त्या रात्री हसनाळला एवढेच कळायला हवे होते, की लेंडीचे पाणी किती वाजता दारात येईल.