घरगुती उष्णता पंप : सुरक्षित बसवणी

उष्णता पंप म्हणजे उष्णता स्वतः निर्माण न करता ती एका जागेतून उचलून दुसऱ्या जागी नेऊन सोडणारे यंत्र. घरातला फ्रिज, भिंतीवरचा स्प्लिट एसी, दूध संकलन केंद्रावरचा बल्क कूलर आणि अलीकडे मिळू लागलेला उष्णता-पंपी गीझर ही सगळी एकाच कुळातली भावंडे. कंप्रेसर, दोन कॉइली, तांब्याच्या नळ्या आणि त्यांतून फिरणारे प्रशीतक (मेकॅनिकच्या बोलीत 'गॅस') हा सगळ्यांचा समान सांगाडा. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात या यंत्राचा मुख्य अवतार उन्हाळ्यातला एसी हाच आहे. पाणी तापवण्याचा अवतार अजून नवखा आहे. प्रस्तुत नोंदीचा विषय बसवणीपुरता आहे. बालाघाटच्या पठारावरील गावांत या यंत्राचा धोका यंत्रात कमी आणि ते ज्या भिंतीला टांगले जाते व ज्या जमिनीला त्याची अर्थिंग जोडली जाते तिथे जास्त असतो, असे तिचे प्रतिपादन आहे. कंपन्यांच्या पुस्तिकांत मात्र भिंत भक्कम आणि अर्थिंग चोख असल्याचे गृहीतच धरलेले असते.

तत्त्व व इतिहास : उष्णता-यंत्राचा सिद्धान्त सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडला, तेच चक्र उलटे फिरवून इमारती उबदार ठेवता येतील हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये दाखवले. प्रत्यक्ष पहिला वापर ऑस्ट्रियातील एबेन्झे येथील मिठाच्या कारखान्यात पेटर फोन रिटिंगर यांनी १८५६-५७ च्या सुमारास केला, तोही खारे पाणी आटवण्यासाठी. दूध आटवून खवा करणाऱ्या भूम तालुक्याला आटवण्यात किती जळण जाते हे सांगायला नको.

अर्थिंग : गावातल्या बहुतेक घरांना खांबावरून फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा येतात. अर्थिंग ज्याची त्याने आपल्या अंगणात खड्डा घेऊन करायची असते. आता एसीच्या आतल्या एखाद्या वायरचे आवरण घासून फेज पत्र्याला लागला, असे समजू. खड्ड्याचा रोध १० ओहम आणि रोहित्राच्या (डीपीच्या) अर्थिंगचा २ ओहम धरला, तर २३० व्होल्टला या वाटेने सुमारे १९ अँपिअर वाहतात. दीड टनाच्या एसीसाठी सर्रास लावला जाणारा २० अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला पडत नाही. त्याच्या लेखी तो नेहमीचाच भार. तेवढा वेळ यंत्राच्या पत्र्यावर, लोखंडी स्टँडवर आणि स्टँड ज्या शेडला टेकला असेल त्या शेडच्या पत्र्यावर १९० व्होल्टच्या आसपास दाब उभा असतो. घरात दिवे चालू, एसी चालू, कुठे ठिणगी नाही, धूर नाही; फक्त त्या शेडच्या तारेवर ओले कपडे वाळत घालणाऱ्या बाईच्या हाताला तो दाब लागतो. म्हणजे 'अर्थिंग केलेली आहे' या वाक्यात सुरक्षिततेची हमी नाही. खड्डा १० ओहमचा असणे खेड्यात चांगलेच समजले जाते, आणि तरीही एमसीबीच्या भरवशावर तो अपुरा पडतो. म्हणून उष्णता पंपाच्या स्वतंत्र लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे ही बसवणीची पहिली अट मानली पाहिजे. त्याला अँपिअरांची वाट पाहावी लागत नाही; फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परतला नाही एवढे कळताच तो लाइन तोडतो. यंत्र इन्व्हर्टरचे असेल तर आरसीसीबी 'ए' प्रकारचा घ्यावा, कारण इन्व्हर्टरच्या गळतीत एकदिश घटकही असू शकतो आणि साधा 'एसी' प्रकार त्याला नीट दाद देत नाही.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा, की आरसीसीबी असेल तर खड्ड्याची गरजच काय? गरज आहे. अर्थिंग असेल तर बिघाड झाल्याक्षणी प्रवाह जमिनीत जातो आणि कुणी पत्र्याला हात लावण्याआधीच लाइन बंद होते. अर्थिंग नसेल तर प्रवाहाला वाट मिळते ती माणसाच्या अंगातूनच, आणि लाइन तुटते ती धक्का बसल्यावर. दुसरा आक्षेप अनुभवातला आहे : आरसीसीबी सारखा पडतो, म्हणून लोक तो बाजूला करून सरळ जोडणी करून घेतात. तो पडतो हे खरे, पण कारण बहुधा जुन्या वायरिंगमध्ये असते. दोन खोल्यांचे न्यूट्रल एकमेकांत गुंतलेले असतात किंवा ओलीत गेलेल्या पाइपातली वायर गळत असते. सगळ्या घराला एकच आरसीसीबी न लावता एसीला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तीन-तारी लाइन आणि तिचा स्वतंत्र आरसीसीबी दिला, तर ही तक्रार बरीचशी मिटते. उपकरणावरचे 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर लाइन गेली नाही तर तो आरसीसीबी बदलावा.

याहून महत्त्वाचा मुद्दा ऋतूचा आहे आणि तो पुस्तिकांत सहसा येत नाही. जमिनीची वीजवाहकता ओलाव्यावर चालते. काळी माती पावसाळ्यात उत्तम वाहक असते. मात्र चैत्र-वैशाखात ती आकसते, तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात आणि पाइपाभोवतीची माती पाइपाला सोडते. पठारावर जिथे हातभर मुरमाखाली काळा पाषाण लागतो, तिथे तर खड्डा खोल जातच नाही. श्रावणात मोजलेला खड्डा वैशाखात कित्येक पट रोध दाखवू शकतो. नेमक्या त्याच दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो आणि एसी दिवसरात्र चालतो. यंत्रावर सर्वांत जास्त ताण आणि जमिनीचा सर्वांत कमी आधार हे दोन्ही एकाच पंधरवड्यात येतात. म्हणून खड्ड्याचे मोजमाप उन्हाळ्यात घ्यावे. शक्य असल्यास खड्डा मोरीच्या सांडपाण्याजवळ, सदा ओल राहील अशा जागी घ्यावा. नसेल तर फाल्गुनापासून त्यात नियमाने घागरभर पाणी ओतावे. कोळसा-मिठाचा पारंपरिक खड्डा चांगला की बेंटोनाइट भरलेली तयार कांडी, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. मिठाने रोध लवकर उतरतो पण लोखंडी पाइपही लवकर गंजतो, एवढे सर्वमान्य आहे.

भिंत व छप्पर : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीजवळ झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. माणसे मेली ती घरांमुळे. मातीत बांधलेल्या दोन-दोन फूट आणि त्याहून जाड दगडी भिंती आणि त्यांवर लाकडी तुळया व जाड मातीचे माळवद, अशी ती घरे होती. अभियंत्यांनी पडलेल्या भिंतींची पाहणी केली तेव्हा एक दोष पुन्हा पुन्हा दिसला : भिंत वरून एकसंध दिसली तरी आत ती दगडांच्या दोन वेगळ्या पडद्यांची होती. मधे चुरा आणि माती, आणि दोन्ही पडद्यांना आरपार बांधणारे लांब दगड जवळजवळ नव्हतेच. ईट किल्लारीपासून हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि तो विध्वंस भूम भागाच्या वाट्याला आला नाही. मात्र बांधणीची रीत मराठवाडाभर तीच होती आणि ती जुनी घरे अजून नांदती आहेत.

अशा भिंतीवर एसी बसवताना मेकॅनिक दोन कामे करतो. नळी बाहेर काढण्यासाठी हॅमर मशीनने आरपार भोक पाडतो, आणि बाहेरच्या अंगाला फास्टनर ठोकून त्यावर तीस-चाळीस किलोचे आउटडोअर युनिट टांगतो. काँक्रीटमध्ये किंवा सिमेंटच्या विटांच्या भिंतीत दोन्ही कामे निर्धोक आहेत. मातीच्या सांध्यांच्या भिंतीत हादऱ्याने आतला चुरा खाली बसतो, पडदे आणखी सुटतात. फास्टनर घट्ट बसल्याचे हाताला जाणवते खरे, पण त्याने पकडलेला असतो तो एकटा दगड, भिंत नव्हे. पुढे कंप्रेसरची थरथर दिवसरात्र त्याच दगडाला हलवत राहते. याच्या जोडीला निचऱ्याचे पाणी : दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज टाकतो, आणि ती नळी बहुधा भिंतीच्या पायाशीच सोडलेली असते. मातीच्या सांध्यांना सतत ओल मिळणे म्हणजे भिंतीचा पाया आतून धुऊन जाणे. तेव्हा अशा घरात आउटडोअर युनिट जमिनीवर, फरशीच्या ओट्यावर रबरी पायांनिशी ठेवावे. नळी झरोक्यातून किंवा खिडकीच्या चौकटीतून न्यावी. आतले युनिट भिंतीऐवजी लाकडी खणाच्या खांबांवर फळी ठोकून तिच्यावर घ्यावे. आणि निचऱ्याची नळी झाडापर्यंत लांबवावी. जमिनीवरच्या युनिटमध्ये उंदीर आणि पाली शिरतात हा आक्षेप रास्त आहे, पालीमुळे सर्किट जळल्याचे प्रकार घडतात. पण त्यावर बारीक जाळी हा उपाय आहे. सुटलेल्या भिंतीवर असा सोपा उपाय नाही. स्लॅबच्या घरांना हा सारा प्रश्न लागू नाही, मात्र एकाच वाड्यात पुढे स्लॅब आणि मागे माळवद असे असेल तर मेकॅनिकला कोणती भिंत कसली आहे हे घरच्यांनीच सांगायला हवे. वरून प्लास्टर झाले की बाहेरच्याला ते ओळखू येत नाही.

प्रशीतक : पूर्वीचा आर-२२ ओझोनला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये मागे पडत गेला. आजच्या घरगुती एसींत मुख्यतः आर-३२ असतो आणि काहींत आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन. पहिला मंद ज्वलनशील, दुसरा स्वयंपाकाच्या गॅसइतकाच पेट घेणारा. लोकांच्या मनात भीती आहे ती मुख्यतः याचीच, म्हणून हिशेब मांडून पाहू. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ती पेटण्याजोगी व्हायला आर-३२ दहा किलोंहून अधिक लागेल. यंत्रात तो साधारण एक किलोच्या आतबाहेर असतो. प्रोपेनचे सव्वा किलो पुरेल, पण यंत्रात असतो किलोच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे गॅस सगळा गळला आणि हवेत सारखा मिसळला तरी खोली पेटण्याच्या मर्यादेखाली राहते. या हिशेबाला एक उणे बाजू आहे. दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत, ते जमिनीलगत साचतात. आणि आपल्याकडे अंथरूण जमिनीवर असते, देवघरातली समईही जमिनीवर. म्हणून नळीचा जोड खोलीच्या आत येऊ देऊ नये. जोड द्यावाच लागला तर तो बाहेर द्यावा.

खरा धोका यंत्र चालू असताना नसून त्यावर काम चालू असताना असतो. गळती तपासायला नळीत नायट्रोजनच भरावा. हाताशी आहे म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन भरला तर कंप्रेसरच्या तेलाशी तो स्फोट करतो. जागा बदलताना गॅस युनिटमध्ये ओढून घेतात, तेव्हा नळी सुटी असेल आणि कंप्रेसर चालूच राहिला तर तो हवा ओढतो, ती तेलासह दाबली जाते आणि डिझेल इंजिनासारखा भडका आतच उडतो. आर-३२ चा दाब उन्हाळ्यात ३० बारच्या वर जातो, आर-२२ च्या साधारण दीडपटीहून अधिक. जुने गेज आणि जुन्या नळ्या त्याला चालत नाहीत. नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंपाने निर्वात करण्याचे काम पाव-अर्ध्या तासाचे असते आणि तेच सर्वांत आधी टाळले जाते. त्याऐवजी युनिटमधला थोडा गॅस सोडून हवा 'हाकलून' देतात. त्याने नळीत ओल राहते आणि ज्वलनशील गॅस काम करणाऱ्याच्या तोंडाशी सुटतो. दरवर्षी गॅस 'टॉप-अप' करावा लागणे हे गळतीचे लक्षण आहे. गॅस जळून संपत नसतो, त्यामुळे टॉप-अपला देखभाल म्हणता येत नाही.

पाणी तापवणे : शंभर लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला साध्या गीझरला सुमारे साडेतीन युनिट वीज लागते, उष्णता पंपाला एक ते सव्वा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जातात. उष्णता पंपात ज्वालाच नसल्याने तो धोका उरत नाही. मात्र दोनशे लिटरची टाकी भरल्यावर अडीचशे किलोंच्या घरात जाते, ती माळवदावर कदापि ठेवू नये. दाब सोडणाऱ्या झडपेचे तोंड बुजवू नये. बोअरच्या जड पाण्याने तिच्यावर क्षार चढतो, म्हणून तिचा खटका सहा महिन्यांनी उचलून पाहावा.

खोली उबदार करणे : या भागातल्या थंडीत बाहेरच्या कॉइलीवर साचणारा बर्फ वितळवण्याच्या चक्राची सहसा गरज पडत नाही.

मानके व जबाबदारी : अर्थिंगसाठी आयएस ३०४३, वायरिंगसाठी आयएस ७३२ ही भारतीय मानके आहेत, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्यांनी घेतली. अडचण कागदाची नाही, कामाच्या वाटणीची आहे. एसीचा मेकॅनिक आयटीआयचा प्रशीतन-वातानुकूलन शिकलेला असतो आणि प्लगपर्यंतचे काम घरमालकाचे मानतो. तारतंत्री बोर्डापर्यंत येतो आणि पुढचे यंत्र कंपनीचे मानतो. खड्डा आणि भिंत कुणाच्याच कामात बसत नाहीत. 'मोफत बसवणी'त तांब्याची नळी आणि स्टँड मोजून मिळतो, अर्थिंगची तपासणी मिळत नाही. तारतंत्र्याने आधी येऊन स्वतंत्र लाइन, आरसीसीबी आणि खड्ड्याचे मोजमाप पुरे करावे, तो आकडा बोर्डाच्या झाकणावर तारखेसह लिहावा, आणि त्यानंतरच एसीचा खोका उघडावा, असा क्रम घरमालकाने धरला तर ही फट बुजते. याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने थोडा आहे.

यंत्र काढणे : गॅस हवेत न सोडता युनिटमध्ये ओढून झडपा बंद कराव्यात, लाइन बोर्डापासून तोडावी; अर्थिंगची तार सर्वांत शेवटी सोडावी.