पावावरचें चीज आणि नासपती

इटलीच्या तोस्काना प्रांतांत सणाच्या भोजनाचा आरंभ बहुधा क्रोस्तीनींनीं होतो. क्रोस्तीनी म्हणजे भाजलेल्या पावाचे लहान काप. त्यांवर नाना पदार्थ ठेवतात. त्यांतला एक प्रकार साधा, पण इतिहासाच्या दृष्टीनें मोठा अर्थपूर्ण आहे. तेथील बिनमिठाच्या पावाचे बोटभर जाडीचे काप निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनीं तांबूस भाजावयाचे, ते गरम असतांनाच त्यांवर पेकोरीनो नांवाच्या मेंढीच्या दुधाच्या चीजची पातळ चकती ठेवावयाची, आणि ती मऊ झाली कीं वर पिकलेल्या नासपतीची फोड व मधाचे दोन थेंब घालावयाचे.

ह्या जोडीविषयीं इटलींत एक जुनी म्हण आहे : चीज नासपतीबरोबर किती रुचकर लागतें, हें शेतकऱ्याला कळूं देऊं नये. मेंढ्या राखणारा, चीज करणारा आणि नासपतीचें झाड वाढविणारा शेतकरीच. मग त्याच्यापासून लपवावयाचें तें काय? मास्सीमो मोंतानारी ह्या इतिहासकारानें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या एकाच म्हणीचा मागोवा घेतला आहे.

मध्ययुगांत चीज हें मुख्यतः धनगरांचें व शेतकऱ्यांचें अन्न समजलें जाई. तें जड व पचावयास कठीण, असें वैद्यांचें मत होतें. १४७७ सालीं पांतालेओने दा कोन्फिएन्त्सा ह्या वैद्याचा केवळ दुग्धपदार्थांवरील लॅटिन ग्रंथ छापला गेला. चीजची प्रतिष्ठा वाढूं लागल्याचें तें एक चिन्ह होय. नासपतीची गोष्ट उलट. रसाळ नासपती फार दिवस टिकत नाहीं. वर्षभराच्या पोटाची चिंता वाहणाऱ्याला अशा नाशवंत फळाची चैन परवडणारी नव्हती; तें श्रीमंतांच्या बागेचें भूषण होतें. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यासाठीं बार्तोलोमेओ बिंबी ह्या चित्रकारानें १६९९ सालीं एकाच चित्रांत शंभराहून अधिक जातींच्या नासपती रंगविल्या.

आयुर्वेदाप्रमाणें त्या काळच्या युरोपीय वैद्यकांतही पदार्थांचे उष्ण व शीत असे भेद मानीत. नासपती शीत ठरली, तेव्हां तिच्या जोडीला चीज हवें. शिवाय जेवणाच्या शेवटीं चीज खाल्ल्यानें जठराचें तोंड मिटतें, अशी समजूत होती. अशा रीतीनें खेड्यांतलें चीज फळाच्या संगतीनें सरदारांच्या मेजावर मानानें बसलें. परंतु माणसाचें अन्न त्याच्या दर्जाला साजेसें असावें असें मानणाऱ्या समाजांत एक अडचण उभी राहिली. चीज तर शेतकऱ्याच्या घरींही होतेंच. तेव्हां पदार्थ लपविणें शक्य नसलें, तरी त्याची खरी गोडी ओळखण्याचें ज्ञान आपल्यापुरतें राखावें, हा त्या म्हणीचा आशय.

तोस्कानांत जमीन अर्धेलीनें कसण्याची पद्धत शतकानुशतकें चालली. निम्मा माल मालकाच्या घरीं जाई. १९६४ च्या कायद्यानें असे नवे करार करण्यास बंदी झाली. एके काळीं जेवणाच्या शेवटीं येणारी ती जोडी आतां भाजलेल्या पावावर बसून आरंभालाच येते. आणि त्या म्हणीला लोकांनीं पुढें एक पुस्ती जोडली आहे : शेतकरी कांहीं मूर्ख नव्हता, मालकाच्या आधींच त्याला तें ठाऊक होतें.