माणसं घटत होती, मनोरे चढत होते : प्यूजिन आणि अ‍ॅशलिन यांची आयर्लंडमधली चर्चं

आजचा विषय वास्तुकलेचा आहे, पण सुरुवात आम्ही जनगणनेपासून करणार आहोत.

१८४१ साली आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. मग १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, मोठा दुष्काळ आला, आणि १८५१ च्या जनगणनेत हा आकडा साधारण साडेपासष्ट लाखांवर आला. काही लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली, काही लाख जहाजात बसून निघून गेली. दुष्काळ संपला तरी जाणं थांबलं नाही. १९११ मध्ये त्या बेटावर जेमतेम ४४ लाख माणसं उरली होती. म्हणजे सत्तर वर्षांत देश जवळजवळ निम्मा झाला.

आता याच सत्तर वर्षांत आयर्लंडच्या गावागावांत काय उभं राहिलं ते पाहा. उंच, टोकदार, दगडी गॉथिक चर्चं. माणसं घटत होती आणि मनोरे चढत होते. हे कसं झालं, आणि हे योग्य होतं का, हा आजचा प्रश्न. तो आपण एका भागीदारीच्या निमित्तानं पाहू : एडवर्ड वेल्बी प्यूजिन आणि जॉर्ज कॉपिंजर अ‍ॅशलिन.

प्यूजिन हे नाव काहींना ओळखीचं वाटेल. लंडनच्या संसद भवनाच्या गॉथिक सजावटीमागे जे ऑगस्टस प्यूजिन होते, त्यांचा हा मुलगा. वडील १८५२ मध्ये वारले आणि अठराव्या वर्षी या पोराच्या खांद्यावर सगळा व्यवसाय आला. अ‍ॅशलिन त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, कॉर्क परगण्यातला. इंग्लंडमध्ये प्यूजिनच्या हाताखाली तो उमेदवारी करत होता. १८६० मध्ये प्यूजिननं त्याला भागीदार करून घेतलं आणि आयर्लंडची कामं त्याच्यावर सोपवली. तेव्हा अ‍ॅशलिन तेवीस वर्षांचा होता. पुढे १८६७ मध्ये त्यानं प्यूजिनच्या बहिणीशी, मेरीशी, लग्न केलं. म्हणजे भागीदारी आणि सोयरीक दोन्ही.

त्यांना इतकी कामं का मिळाली? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. धर्मसुधारणेनंतर आयर्लंडमधली मध्ययुगीन कॅथीड्रलं सरकारमान्य प्रॉटेस्टंट चर्चकडे गेली. तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक कॅथलिक, पण पूर्वजांनी बांधलेल्या वास्तूंवर हक्क नाही. त्यांची प्रार्थनास्थळं गल्लीबोळात, मुख्य रस्त्यापासून आत, नजरेत न भरणारी. १८२९ मध्ये कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क मिळाला आणि हळूहळू बांधकामं सुरू झाली. मध्येच दुष्काळानं ती थोपवली. किलार्नी या गावात थोरल्या प्यूजिननं योजलेलं कॅथीड्रल अर्धवट पडलं, आणि त्या अपुऱ्या भिंतींच्या आत दुष्काळग्रस्तांना आसरा दिला गेला. हे चित्र आपण लक्षात ठेवू.

इथं मुंबईचा एक मुद्दा सांगणं भाग आहे. आपल्याकडे गॉथिक म्हणजे व्हीटी स्टेशन, विद्यापीठाचं सभागृह, राजाबाई टॉवर. सभागृहाचा आणि टॉवरचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट तर कधी हिंदुस्थानात आलेही नाहीत. त्यामुळे ‘गॉथिक म्हणजे राज्यकर्त्यांची शैली’ हे समीकरण आमच्याही डोक्यात वर्षानुवर्षं पक्कं बसलं होतं. आयर्लंडनं ते मोडलं. तिथं तीच टोकदार कमान जितांनी उचलली. थोरला प्यूजिन स्वतः कॅथलिक झालेला होता. गॉथिक ही धर्मसुधारणेच्या आधीची, म्हणून अस्सल ख्रिस्ती शैली, असं त्याचं प्रतिपादन. आयरिश कॅथलिकांच्या ते मनात बसलं नसतं तरच नवल. जे आपल्याकडून गेलं, ते आपण पुन्हा बांधतो आहोत, असं त्यांना म्हणता येत होतं. गंमत एवढीच, की ते म्हणण्याची भाषा एका इंग्रजाकडून आली.

अ‍ॅशलिनचं पहिलं मोठं काम कॉर्क शहरातलं : सेंट पीटर अँड पॉल चर्च. ते १८६६ मध्ये खुलं झालं. दुसरं डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवरचं, १८६२ मध्ये सुरू झालेलं, लोक ज्याला जॉन्स लेन चर्च म्हणतात. त्याच्या मनोऱ्याच्या कोनाड्यांतले पुतळे जेम्स पिअर्स या पाथरवटाचे मानले जातात. हा पिअर्स इंग्लंडहून आला तो या बांधकामांच्या भरभराटीमुळे, डब्लिनमध्ये काम होतं म्हणून. तिथंच राहिला, संसार केला. त्याचा मुलगा पॅट्रिक पिअर्स, १९१६ च्या उठावाचा नेता, ज्याला ब्रिटिशांनी गोळ्या घालून मारलं. दगड घडवणाऱ्या बापाच्या घरात काय घडलं, ते कुठल्याही आराखड्यात नव्हतं.

आता मुख्य वास्तूकडे येऊ. कॉर्कच्या बंदरात कोव नावाचं गाव आहे. १८४९ मध्ये व्हिक्टोरिया राणी येऊन गेली म्हणून त्याचं नाव क्वीन्सटाउन झालं, ते १९२० पर्यंत तसंच राहिलं. कॅथलिकांचा हा धर्मप्रांत क्लॉइनचा. क्लॉइन गावात सेंट कोलमनच्या नावाचं जुनं कॅथीड्रल होतं, पण ते प्रॉटेस्टंटांकडे. तेव्हा बिशप कीन यांनी ठरवलं, त्याच संताच्या नावानं नवं कॅथीड्रल बांधायचं, आणि बांधायचं ते बंदरावरच्या टेकडीवर. गल्लीत लपायचे दिवस संपले होते.

काम १८६८ मध्ये सुरू झालं आणि त्याच सुमारास भागीदारी संपली. या कॅथीड्रलवर नाव मात्र दोघांचं आहे. प्यूजिन पुढे दिवाळखोरीत गेला आणि १८७५ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी वारला. आराखडा मांडून घेणारे बिशप कीनही १८७४ मध्ये गेले. उरला अ‍ॅशलिन. डॉकीचा ग्रॅनाइट, मॅलोचा चुनखडी दगड, एकेक थर चढत राहिला. पैसे संपले की काम मंदावायचं, आले की पुन्हा सुरू. १८७९ मध्ये आत पहिली प्रार्थना झाली. सुमारे तीनशे फुटांचा मनोरा पुरा व्हायला १९१५ उजाडलं. विधिवत अर्पण झालं १९१९ मध्ये. एकतीस वर्षांचा असताना हाती घेतलेलं काम अ‍ॅशलिननं ब्याऐंशीव्या वर्षी पुरं झालेलं पाहिलं. दोन वर्षांनी तोही गेला. एकूण खर्च सुमारे २,३५,००० पौंड.

आणि इथं तो प्रश्न येतो. १८७९ हे साल पुन्हा पाहा. त्याच वर्षी पीक बुडालं, कुळं खंड भरू शकेनात, मेयो परगण्यातून जमीन चळवळ उठली आणि लँड लीग स्थापन झाली. एकीकडे घरातून हुसकावलेली कुटुंबं, दुसरीकडे टेकडीवर ग्रॅनाइट. कुणी म्हणेल, हा पैसा भाकरीला लागायला हवा होता. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. किलार्नीच्या अपुऱ्या भिंतींत आसरा घेतलेल्या माणसांच्या बाजूनं तो विचारला जातो, आणि धर्माच्या नावानं त्याचं तोंड बंद करता येत नाही.

पण तत्त्वज्ञानात आम्ही एक सवय लावून घेतली आहे. ‘हे योग्य होतं का’ असं विचारण्याआधी ‘हे कुणी ठरवलं’ असं विचारायचं. ठरवलं बिशपांनी, हे खरं. दिलं मात्र असंख्य हातांनी. क्वीन्सटाउनच्या लोकांनी, धर्मप्रांतातल्या गावांनी, आणि देश सोडून गेलेल्यांनीही. शंभर वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक माणसं याच बंदरातून गेली. एलिस बेटावर नोंदली गेलेली पहिली मुलगी, अ‍ॅनी मूर, डिसेंबर १८९१ मध्ये इथूनच जहाजात चढली. ११ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक बंदराबाहेर थांबली, तेव्हा १२३ जण इथून चढले. वर टेकडीवर मनोरा अजून अपुरा होता. मागे वळून पाहताना गावातलं सगळ्यात उंच काय दिसत असेल, ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्या किनाऱ्यावर मोलमजुरी करून त्यातले काही पैसे परत पाठवायचे, ते ज्या घरात आपण पुन्हा राहणार नाही अशा घरासाठी. भुकेच्या हिशोबात हे बसत नाही. पण हिशोबच चुकला असं म्हणण्याआधी, देणाऱ्याला काय हवं होतं ते ऐकून घ्यावं लागतं. आपण गेलो तरी आपलं गाव आहे, एवढं त्यांना हवं असावं असं आम्हाला वाटतं.

याचा एक उत्तरार्ध आहे. या शतकाच्या सुरुवातीला त्या कॅथीड्रलच्या आतली रचना बदलण्याचं धर्मप्रांतानं ठरवलं. वेदीच्या भागातली जुनी मांडणी हलवायची होती. गावकऱ्यांनी विरोध केला. प्रकरण देशाच्या नियोजन मंडळापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये परवानगी नाकारली गेली. श्रद्धावान माणसं स्वतःच्याच बिशपाविरुद्ध उभी राहिली. त्यांचं म्हणणं आमच्या शब्दांत सांगायचं तर इतकंच : हे आमच्या आजोबा-पणजोबांच्या पैशाचं आहे.

प्यूजिन-अ‍ॅशलिन भागीदारी आठ वर्षं टिकली. अ‍ॅशलिननं त्यानंतर पन्नास वर्षं तिचं देणं फेडलं. आणि ज्यांच्या नावाची कुठं पाटी नाही, त्या देणाऱ्यांचा हक्क २००६ मध्ये वसूल झाला. खर्च योग्य होता का, याचं उत्तर आम्ही देणार नाही. ते किलार्नीच्या त्या भिंतींना आणि कोवच्या मनोऱ्याला एकत्र समोर ठेवून ज्यानं त्यानं द्यावं. फक्त एकाला झाकून दुसऱ्याकडे पाहू नये, एवढीच विनंती.

प्रश्न असतील तर आता घेऊ.