विषारी वायूंचे मापन : देहाची साक्ष आणि आकड्याची साक्ष

कारखान्यांतील हवेत असणारे विषारी वायूंचे अत्यल्प अंश मोजण्याचा इतिहास बहुधा उपकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु वायूविषयी साक्ष कोणी द्यावयाची, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा-खाणीत स्फोट होऊन ५७ जण मृत्यू पावले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी प्रेते तपासून असे दाखविले की, बहुतेकांचा अंत स्फोटाच्या आघाताने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने झाला होता. हा वायू रंगहीन व गंधहीन. तेथे नाक-डोळे निरुपयोगी. म्हणून लहान प्राणी खाणीत न्यावेत, असे त्यांनी सुचविले. कारण जलद श्वसनामुळे ते माणसाच्या आधी कोसळतात. पुढे रूढ झालेल्या कॅनरी पक्ष्याला ब्रिटिश खाणींतून निरोप देण्याचे ठरले ते १९८६ साली. येथेही साक्षीदार देहच होता. मात्र तो दुसऱ्या जिवाचा होता.

१९१९ साली अमेरिकेत लॅम व हूव्हर यांनी ही साक्ष रसायनाकडे सोपविली. त्यांच्या काचनळीतील आयोडीन पेंटॉक्साइडयुक्त मिश्रण कार्बन मोनॉक्साइडच्या स्पर्शाने रंग बदलीत असे. १९३७ मध्ये जर्मनीतील ड्रेगर कंपनीच्या शोधक नळ्या आल्या. ठरावीक हवा नळीतून ओढून रंगावरून प्रमाण वाचावयाचे, अशी ही रीत. ‘दशलक्ष भागांत इतके भाग’ ही भाषा आता कामगार आजारी पडण्यापूर्वीच बोलता येऊ लागली.

तथापि साधन उपलब्ध असणे आणि त्याच्या साक्षीवर कारभार चालणे, या भिन्न गोष्टी होत. मिथिल आयसोसायनेटची कामाच्या जागी मान्य असलेली मर्यादा दशलक्ष भागांत ०.०२ भाग होती. प्रयोगांत माणसाच्या डोळ्यांना पाणी आले ते सुमारे २ भागांना, म्हणजे शंभरपट प्रमाणाला. असे असूनही २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात गळतीची पहिली वर्दी दिली ती कामगारांच्या चुरचुरणाऱ्या डोळ्यांनीच.

१९८७ साली भारतीय कारखाना अधिनियमात अनुज्ञेय प्रमाणांची अनुसूची समाविष्ट झाली. परंतु मर्यादा छापली गेली म्हणजे मापन झाले, असे होत नाही. जेथे कोणी मोजीत नाही, तेथे साक्षीदार म्हणून पुन्हा कामगाराचा देहच उभा राहतो.