बियर म्हणजे दारू नव्हे काय?

चळवळीतल्या तरुणांच्या तोंडी हल्ली एक वाक्य सर्रास ऐकू येते: "आम्ही दारू पीत नाही, फक्त बियर घेतो." अमरावती असो की अकोला, मित्राची हळद असो की मिरवणुकीनंतरची रात्र, हा युक्तिवाद ठरलेला. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली पोरेही तो करतात. त्यातली सतरावी प्रतिज्ञा आठवून दिली की म्हणतात, तिच्यात दारू म्हटले आहे, बियर कुठे म्हटले आहे?

या प्रश्नावर चिडून चालणार नाही. चिडणे हे काम कीर्तनकारांचे. आपण फुले-आंबेडकरी माणसे. प्रश्नाचे उत्तर इतिहासातून द्यायचे. आणि इतिहास धुंडाळला की दोन गोष्टी हाती लागतात. एक, पाचव्या शिलाने सर्वांत आधी जे नाव घेतले ते बियरचेच आहे. दोन, त्या नावाखाली आजवर जी बंदी आणि जो कर लादला गेला, त्याचा दंडुका नेहमी आपल्याच माणसांच्या पाठीवर बसला. या दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेतल्या नाहीत तर आपण एक तर पेताड होऊ, नाही तर सोवळे होऊ.

आधी शिलाकडे येऊ. पाचव्या शिलात सुरा, मेरय आणि मद्य असे शब्द आहेत, आणि त्यांच्यासोबत प्रमाद हा शब्द आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, भान सुटणे. सुरा म्हणजे काय, हे विनयपिटकातल्या पाचित्तिय नियमांत सांगितले आहे. पिठाची सुरा, पोळ्यांची सुरा, भाताची सुरा, किण्व घालून केलेली, वेगवेगळे पदार्थ मिसळून केलेली. म्हणजे धान्य आंबवून केलेले पेय. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांच्यापासून केलेले आसव. आज जवाला मोड आणून, तो वाळवून, उकळून, त्यात किण्व सोडून जे तयार करतात त्याला आपण बियर म्हणतो. धान्य आणि किण्व. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पाली भाषेत त्याला सुरा म्हणत. त्या यादीत भट्टीवर वाफ धरून गाळलेल्या कडक दारूचे नावसुद्धा नाही. तेव्हा "शील कडक दारूसाठी आहे, बियरला नाही" हे म्हणणे नेमके उलटे आहे. शील मुळात बियरवर आहे.

हा नियम कसा आला तेही पाहा. भिक्खू सागत हे मोठे सामर्थ्यवान. त्यांनी एका नागाला नमवल्याची कथा आहे. लोकांनी आनंदाने घरोघरी त्यांना सुरा पाजली आणि ते नगराच्या वेशीवर पडले. भिक्खूंनी उचलून आणून बुद्धांकडे डोके करून निजवले, तर ते उलटे फिरून पाय बुद्धांकडे करून झोपले. तथागतांनी शिव्याशाप दिले नाहीत, नरकाची भीती घातली नाही. त्यांनी भिक्खूंना साधे प्रश्न विचारले: हा पूर्वी आदराने वागत होता ना? ज्याने नागाला नमवले, तो आत्ता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? ज्याने माणूस बेभान होतो ते प्यावे काय? उत्तर भिक्खूंनीच दिले.

आता याच्या शेजारी मनुस्मृती ठेवा. अकराव्या अध्यायात सुरा हा अन्नाचा मळ ठरवला आहे आणि म्हणून ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांनी ती पिऊ नये असे म्हटले आहे. द्विजाने ती प्यायलीच तर प्रायश्चित्त म्हणून उकळती सुरा प्यावी. शूद्राचे काय? तो त्या वाक्यात नाहीच. मळ त्याच्या वाट्याला आला तर स्मृतिकाराला त्याचे सुखदुःख नाही. इथे प्रश्न माणसाच्या भानाचा नाही, वर्णाच्या सोवळ्याचा आहे. बुद्धाचे शील सर्वांसाठी आहे आणि कारण देऊन सांगितलेले आहे. मनूची बंदी तीन वर्णांपुरती आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जे जाळले ते हेच तर्कशास्त्र. म्हणून दारू न पिणे म्हणजे ब्राह्मणी होणे, असा जो टोमणा कधीकधी आपल्याच मित्रांकडून येतो, त्यात तथ्य नाही.

तिसरी वाट कौटिल्याची. त्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे. मेदक नावाच्या सुरेचे प्रमाण दिले आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय असे प्रकार सांगितले आहेत. सण, जत्रा, समाज असला की चार दिवस सुरा करण्याची मोकळीक. एरवी परवाना आणि दंड. आणि सुरेचे, किण्वाचे साहित्य निवडण्याचे काम कोणी करायचे? बायकांनी आणि मुलांनी. कष्ट बायकापोरांचे, तिजोरी राजाची. पुढच्या सगळ्या अबकारी खात्यांचे बीज इथे आहे.

युरोपातही वेगळे घडले नाही. 1516 साली बव्हेरियात फर्मान निघाले की बियर फक्त जव, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले आणि पाणी यांचीच करायची. आज ते शुद्धतेचा कायदा म्हणून मिरवले जाते. पण गव्हाची बियर करण्याचा हक्क पुढे एका सरदार घराण्याला मिळाला आणि 1602 मध्ये तो राजघराण्याने स्वतःकडे घेतला. रयतेला नियम, मालकाला सवलत. लंडनमध्ये अठराव्या शतकात काळी, दाट पोर्टर बियर लोकप्रिय झाली; तिला ते नाव मिळाले ओझी वाहणाऱ्या हमालांवरून. आज पुण्या-मुंबईच्या बारमध्ये पोर्टर चाखून तिच्या करपट चवीवर बोलणाऱ्याला त्या हमालाची आठवण नसते.

भारतात ही बियर गोऱ्या साहेबासाठी आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा हॉजसन जहाजांतून पेल एल कलकत्त्याला पाठवत होता. त्याच परंपरेतून इंडिया पेल एल हे नाव रूढ झाले. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड डायर याने हिमालयात कसौलीला बियरचा कारखाना काढला. त्याचाच मुलगा रेजिनाल्ड डायर, 1919 मध्ये जालियनवाला बागेत गोळ्या चालवणारा. साहेबाच्या बराकीला थंड बियर मिळत होती त्याच शतकात आमच्या रानातल्या मोहाच्या फुलांवर पहारा बसत होता.

मेळघाटातल्या कोरकूंसाठी मोह हे काही फक्त दारूचे झाड नाही. मार्च-एप्रिलमध्ये फुले गळतात, ती वेचून वाळवतात, खातात, विकतात, आणि आंबवून भट्टीही लावतात. देवाला, लग्नाला, मर्तिकाला ती लागते. इंग्रज सरकारने गावच्या भट्टीत महसूल पाहिला. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला आणि 1892 मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी थेट मोहाच्या फुलांवर कायदा आला. फूल बाळगणे हाच संशय! 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या वऱ्हाडातही अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे साधन होते. घरचे पेय गुन्हा झाले आणि ठेकेदाराचे दुकान कायदेशीर झाले. घरी सणासुदीला पिणारा माणूस आता मजुरीचे रोख पैसे घेऊन रोज दुकानात जाऊ लागला.

याचा परिणाम आपल्या महापुरुषांनी ओळखला होता. जोतिराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना 1880 मध्ये वाढत्या दारू दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला. आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा? त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, घर उघड्यावर आले. तरुण डेबूजीने मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोडधोड वाढले, आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. हे सोवळे नव्हते. परिटाच्या पोराने आपल्या घराचा जळता अनुभव जातीपुढे ठेवला होता.

मग सरकारनेच दारू बंद केली तर? हा प्रयोगही आपल्या भागाने पाहिला आहे. काँग्रेस मंत्रिमंडळाने 1938 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी दारूबंदीचा कायदा केला. मुंबई राज्यात 1949 चा कायदा आला. त्या कायद्यात परवान्याची सोय होती: परदेशी माणसाला परवाना, प्रकृतीच्या कारणावरून डॉक्टरच्या चिठ्ठीवर परवाना. ज्याच्याकडे डॉक्टर त्याच्याकडे ग्लास. झोपडीतल्या माणसाकडे मात्र पोलीस. 1871 च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि 1952 मध्ये ज्यांची त्यातून सुटका झाली, त्या विमुक्तांच्या वस्त्यांना धाड म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नाही.

बाबासाहेब स्वतः दारूपासून दूर होते. तरीही 1951 च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात त्यांनी दारूबंदी रद्द करण्याची भूमिका घेतली. बंदीमुळे महसूल बुडतो, चोरटी भट्टी घराघरांत शिरते, पूर्वी फक्त पुरुष पीत ते आता बायकामुलांपर्यंत पोचते, गुन्हे वाढतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. पाच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला, त्याच बाबासाहेबांनी लाखोंना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विरोधाभास कोणाला दिसतो? ज्याला कायदा आणि शील यांतला फरक कळत नाही त्याला. पोलिसाच्या भीतीने सोडलेली दारू पोलीस वळला की परत येते. समजून सोडलेली परत येत नाही.

संविधान सभेतही हेच दिसते. मूळ मसुद्यात दारूबंदी नव्हती; 24 नोव्हेंबर 1948 च्या चर्चेत ती दुरुस्तीने आली आणि आज अनुच्छेद 47 मध्ये आहे. जयपालसिंह मुंडा यांनी आदिवासींच्या तांदळाच्या बियरची बाजू मांडली: तिच्याशिवाय त्यांचा धर्म नाही, शेतातली लावणी नाही. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हे मार्गदर्शक तत्त्व आहे, सक्ती नाही, आणि सहाव्या अनुसूचीकडे बोट दाखवले. त्या अनुसूचीत ईशान्येतल्या स्वायत्त जिल्ह्यांसाठी तरतूद आहे की भट्टीवर न गाळलेल्या पेयांवरचा राज्याचा कायदा जिल्हा परिषदेच्या संमतीशिवाय लागू होणार नाही. मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा तालुके पाचव्या अनुसूचीत येतात; तिथे 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांबाबतचा अधिकार ग्रामसभेकडे दिला आहे. निर्णय ज्याच्या अंगणात, त्याच्या हातात. हीच लोकशाही.

आता आजच्या बाटलीकडे या. तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. बियरचे शौकीन सांगतात की पिल्सेन गावच्या मऊ पाण्यामुळे 1842 मध्ये तिथली सोनेरी बियर घडली, बर्टनच्या जड पाण्यामुळे पेल एलला चव आली. माहिती खरी आहे. पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या अकोला-अमरावतीच्या गावांत विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, त्या पाण्याची चव कोण लिहिणार? 2016 च्या दुष्काळात शेजारच्या मराठवाड्यात माणसे टँकरमागे धावत होती आणि औरंगाबादच्या बियर कारखान्यांचे पाणी कमी करायला उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. चवदार तळ्याच्या वारसांनी हा हिशेब विसरू नये.

आणि "हलकी असते हो" म्हणणाऱ्यांसाठी साधे गणित. 650 मिलीच्या स्ट्राँग बियरमध्ये 8 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असते, म्हणजे 52 मिली. व्हिस्कीच्या 60 मिलीच्या पेगमध्ये साधारण 26 मिली. एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग. हलके काय आहे ते तुम्हीच सांगा.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. बियरचे प्रकार, तिचा इतिहास, तिचे शास्त्र जाणून घ्या; ज्ञानाला विटाळ नसतो. पण पाचवे शील घेतलेल्याने "फक्त बियर" ही पळवाट सोडावी. जयंतीच्या वर्गणीतला एक रुपयाही बाटलीवर जाऊ नये; त्या पैशात वस्तीतल्या अभ्यासिकेला पुस्तके येतात. दुसरीकडे, मोहाची फुले वेचणाऱ्या कोरकू बाईला गुन्हेगार आणि महागड्या ग्लासातली बियर पिणाऱ्याला रसिक म्हणणाऱ्या व्यवस्थेच्या बाजूने आपण उभे राहायचे नाही. दुकान हवे की नको, हे वस्तीतल्या बायांना ठरवू द्या; आडव्या बाटलीच्या मतदानाचा हक्क कायद्याने दिला आहे, तिथे त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे कार्यकर्त्याचे काम. पिणाऱ्या भावाला वाळीत टाकायचे नाही. वाळीत टाकणे हे मनूचे हत्यार आहे, आपले नाही. त्याच्याशी बसून बोलायचे, सागताबद्दल जसे प्रश्न विचारले गेले तसे प्रश्न विचारायचे, आणि उत्तर त्यालाच देऊ द्यायचे.

जय भीम!