बेडूकमाशाचे आतडे आणि रक्तातला टी-३

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा रुग्ण पहूरहून जळगावला तपासणीला जातो तेव्हा इतर चाचण्यांबरोबर कधी कधी थायरॉइडचीही चाचणी होते. अहवालात टी-३ कमी आणि टीएसएच मात्र ठीक, असे आढळले की घरचे गोंधळतात. थायरॉइडमुळेच हा रोग झाला का? गावात असा कागद बरेचदा विज्ञानाच्या शिक्षकांपुढे येतो. त्याचे उत्तर समजायला थोडे मागे जावे लागते.

थायरॉइड आणि आतडे यांचा संबंध पहिल्यांदा दिसला तो बेडकात. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना सस्तन प्राण्यांच्या थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले. पूर्ण वाढ होण्याआधीच त्यांना पाय फुटले, शेपट्या आक्रसल्या आणि इवलेसे बेडूक तयार झाले. आपण वर्गात नेहमी शेपटीकडे बोट दाखवतो. पण खरी उलथापालथ पोटात होते. वाघूरकाठच्या डबक्यात शेवाळ खाणाऱ्या बेडूकमाशाचे आतडे घड्याळाच्या स्प्रिंगसारखे लांबलचक असते. किडे खाणाऱ्या बेडकाचे ते आखूड. या बदलात आतड्याचे जुने अस्तर मरून जाते आणि मूलपेशींपासून नवे अस्तर तयार होते. हा हुकूम देणारे संप्रेरक म्हणजे टी-३. आपल्या आतड्याचे अस्तरही दर काही दिवसांनी नवे होत असते, आणि कर्करोग हा या नवनिर्मितीचाच बिघाड आहे. म्हणून संशोधकांची नजर थायरॉइडकडे वळणे साहजिक होते.

पण मोजायचे कसे? रक्तात टी-३चे प्रमाण अत्यल्प असते. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९च्या सुमारास इन्शुलिनसाठी शोधलेल्या किरणोत्सारी मापनपद्धतीने ही अडचण दूर केली. (यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळाले, बर्सन तोवर हयात नव्हते.) आपल्याकडे परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरात १९६३ साली अणुऊर्जा विभागाचे किरणोत्सार वैद्यक केंद्र सुरू झाले आणि थायरॉइड हा त्याच्या कामाचा मोठा विषय ठरला. पुढे या मापनाचे संचही भाभा अणुसंशोधन केंद्राने देशात बनवले.

मोजमाप हाती आले आणि कोडे पडले. १९७० साली ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी दाखवले की, थायरॉइड नसलेल्या माणसाला टी-४ दिले तरी त्याच्या शरीरात टी-३ तयार होते. म्हणजे ग्रंथी मुख्यतः चार आयोडीन अणूंचे टी-४ सोडते आणि त्यातला एक अणू काढून बहुतेक टी-३ यकृतासारख्या इतर अवयवांत बनते. त्याच दशकात असे आढळले की उपासमार, मोठी शस्त्रक्रिया किंवा कोणताही गंभीर आजार झाला की हे रूपांतर मंदावते. टी-३ घसरते, पण ग्रंथी निरोगी असते. वजन घटलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णात दिसणारे कमी टी-३ बहुधा याच प्रकारचे असते. ते आजाराचे कारण नव्हे, परिणाम आहे. आजार जितका गंभीर तितकी ही घसरण साधारणपणे जास्त.

हा भेद माहीत नसला तर नुकसान होते. टीएसएच ठीक असताना केवळ टी-३ कमी म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या घेतल्यास हृदयावर ताण येतो. उलट, थायरॉइड खरोखर मंद असेल तर टीएसएच सहसा वाढलेले असते आणि गोळी आवश्यकच असते. त्यातही एक मेख आहे: बद्धकोष्ठ मंद थायरॉइडनेही होते आणि आतड्यातल्या गाठीनेही. ‘थायरॉइडच आहे’ म्हणून बद्धकोष्ठ आणि ‘मूळव्याधच असेल’ म्हणून शौचातले रक्त अंगावर काढले, की दुर्बिणीच्या तपासणीला उशीर होतो. आमच्या खानदेशात हे फार घडते, असे माझे मत आहे.

२०१२ साली नेपल्सच्या दोमेनिको साल्व्हातोरे यांच्या गटाने आणखी एक पान उलटले. आतड्याच्या कर्कपेशी टी-३ निकामी करणारे विकर भरपूर तयार करतात. त्यामुळे त्या परिपक्व न होता विभागतच राहतात. बेडूकमाशाला बेडूक करणारा हुकूमच गाठीत दाबला जातो. पण ही घट गाठीच्या आत होते. दंडातून काढलेल्या रक्तात ती दिसत नाही.